खड्ड्यात मेलेली माणसं किती

लवादसाहेब, तुम्हाला कळलं होतं.

माझी सासू मराठीत बोलली तेव्हा कळलं नसेल. ते मी सोडून देते. पण नंतर ती कानडीत बोलली. तुमच्या घरात, तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या आईच्या भाषेत बोलली. तुमचं पेन थांबलं. तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे बघितलंत, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत, मग लिहिलंत. मी तिच्या शेजारीच बसले होते. मी बघितलं.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगते, कारण तुम्ही ते विसरायला मोकळे आहात. आम्ही नाही.

मी प्रेमा. विठोजीची बायको. गोजराबाईची सून. आम्ही बेंगळूरच्या महादेवपुऱ्यात राहतो. आमचे पूर्वज कधी काळी घोड्यावरून या मुलखात आले असं आमचे म्हातारे सांगतात. घोडे कुठे गेले माहीत नाही, आमच्या हातात फावडी राहिली. घरात मराठी, दारात कानडी. माझा नवरा पाया खणणाऱ्या गँगचा मुकादम होता. गँग जयसिंगमामांची. जयसिंगराव म्हणजे सासूबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. कंत्राटदाराला माणसं पुरवायची, काम करून घ्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. शहाण्णव साली मारतहळ्ळीला एका कंपनीची मोठी इमारत उठणार होती. जमिनीखाली दोन मजले, वर किती ते देव जाणे. तो खड्डा आमच्या गँगनं खणला.

खड्डा खणताना सगळी माती काढत नाहीत. मध्ये मध्ये मातीचे खांब तसेच सोडतात. वरचं गवत, वरचा दगड, जसाच्या तसा. खांबाच्या डोक्यावर जुनी जमीन, खाली नवी. खांबाची उंची मोजली की खड्ड्याची खोली कळते, आणि खोलीवर खणाईचं माप. आम्ही त्याला साक्षी म्हणतो. तुमच्या इंग्रजीत त्याला डेड मॅन म्हणतात. मेलेला माणूस. कोणत्या गोऱ्यानं हे नाव ठेवलं ते मला माहीत नाही. त्याला एकदा आमच्या घरी आणलं पाहिजे.

मारतहळ्ळीची ती जमीन उताराची होती. म्हणून सहा ठिकाणी साक्षी सोडल्या. कुठे सोडायच्या त्या जागेवर पहिल्या दिवशी नारळ फोडायचा, आणि तो मान गँगमधल्या सगळ्यात थोरल्या बाईचा. विधवा असली तरी चालते, मातीला ते कळत नाही. सासूबाईंनी सहा नारळ फोडले. तुकडे पोरांना वाटले.

खणाई संपली. साक्षी उभ्या राहिल्या, एकेक दोन पुरुष उंच. आता मालकांच्या इंजिनियरनं यायचं, कंत्राटदाराच्या इंजिनियरनं यायचं, दोघांनी मिळून माप घ्यायचं, मगच साक्षी पाडायच्या. तोवर हात लावायचा नाही असा लेखी हुकूम. मालकांचा इंजिनियर आला नाही. आज येतो, उद्या येतो. दिवाळी आली. परतीचा पाऊस आला. खड्ड्यात पाणी साचलं, साक्षींचे पाय भिजले. वरच्या अंगाच्या एका साक्षीच्या डोक्यावरचं गवत घसरलं.

कंत्राटदाराचा इंजिनियर धावत आला. गवत नसलं तर मालक म्हणणार, हा खांब तुम्ही मागाहून माती थापून उंच केलाय. तो जयसिंगमामांना बोलला, मामा विठोजीला बोलले.

"शिडी लाव आणि गवताची ढेपूळ वर बसव."

"मामा, पाय सुटलाय तिचा. चार दिवस ऊन पडू दे."

"चार दिवसांनी माप असेल तर? दहा मिनिटांचं काम. बायकोला विचारून सांगतोस काय?"

गँग हसली. मी पण हसले, मी काठावर टोपली घेऊन उभी होते. विठोजी गवताची ढेपूळ डोक्यावर घेऊन शिडी चढला. त्याच्या पायाखालून साक्षी गेली. आधी मधून फुटली, मग सगळी त्याच्यावर बसली. फार आवाज झाला नाही. भाकरीचं पीठ परातीत पडतं तेवढा.

बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडात गवत होतं.

पुढचं तुमच्यासमोर कुणी बोललं नाही, कारण ते कुणाच्याच सोयीचं नव्हतं. विठोजीचं नाव हजेरीपटावर नव्हतं. गँगमधल्या कुणाचंच नव्हतं. मामांनी त्याला लॉरीत घातलं आणि रिंग रोडच्या कडेला नेऊन ठेवलं. पोलिसांत लिहिलं गेलं की रस्ता ओलांडताना अज्ञात वाहनानं उडवलं. मी ओरडले तेव्हा मामांनी माझं तोंड दाबलं. हाताला त्याच मातीचा वास होता.

"खड्ड्यात मेला म्हणालीस तर काम बंद पडतं," ते म्हणाले. "तीस घरं उपाशी मरतात. मेलेला परत येतो काय?"

दुसऱ्या दिवशी घाबरून त्यांनी बाकीच्या साक्षी पाडल्या. कुणी विचारायला नको, सहा होत्या त्या पाच कशा झाल्या. रॅम्पजवळची खालच्या अंगाची एक तेवढी राहिली, कारण तिच्याआड पंप होता. मग मालकांचा इंजिनियर आला. त्यानं छत्री उघडली, त्या एका साक्षीचं माप घेतलं आणि गेला. खालच्या अंगाची खोली कमी, म्हणून सगळ्या खड्ड्याची खोली कमी. इथून तुमचं भांडण सुरू झालं. कंत्राटदार म्हणे सहा साक्षी होत्या, सहांची सरासरी धरा, मालक म्हणे एकच. तोवर खड्डा काँक्रीटनं भरला होता आणि वर मजले चढत होते. आता कुणाला विचारणार? गँग पांगली. ज्यांनी बघितलं ते बोलणार नाहीत. मग कंत्राटदाराच्या वकिलाला कुणीतरी नारळांचं सांगितलं.

मामा घरी आले. विठोजीच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा.

"अक्का, साक्ष द्यायची आहे. मल्लेश्वरमला, लवादाच्या घरी. काही नाही, विचारतील साक्षी किती, तू सांगायचं सहा. सरी, ठीक?"

"आणि विठोजीचं?"

"विठोजीचं तिथे काही नाही."

"मग मी तिथे कशाला?"

"अक्का, भाऊ म्हणून मागतोय."

सासूबाईंनी इंग्रजीतल्या कागदावर अंगठा दिला. त्यात सहा नारळांचं लिहिलं होतं, असं मामा म्हणाले. मला त्यांनी नेलं नसतं. मी तोंडाळ. पण म्हातारीला मोतीबिंदू, जिना चढायला कुणीतरी हवं.

मला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो, माहीत आहे? तुमचा नव्हे. तुमचा नंबर दुसरा. पहिला उल्हासचा.

उल्हास पुण्याचा. बांधकामाची मापं काढणं आणि मापावरून भांडण लागलं की एका बाजूनं ते लढवून देणं, हा त्याच्या ऑफिसचा धंदा. तेव्हा बेंगळूरला असली माणसं नवीनच यायला लागली होती. तो मालकांच्या बाजूचा. सुनावणीच्या आदल्या रविवारी तो आमच्या घरी आला, हातात मैसूरपाकाचा डबा. चप्पल बाहेर काढली. सासूबाईंच्या पाया पडला.

"आजी, काय गोड मराठी बोलता हो तुम्ही. आमच्याकडे आता असं कुणी बोलत नाही."

म्हातारी पाघळली. घरातली भाषा बाहेरच्या माणसाच्या तोंडून तिनं किती वर्षांत ऐकली नव्हती. आणि तीही इतकी धुतलेली. तिनं त्याला कॉफी दिली, विठोजीच्या पेल्यात.

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मी विचारलं.

"वहिनी, मी सत्याच्या बाजूचा," तो हसला. "ऑनेस्टली सांगतो. आजी, तुम्हाला तिथे काय सांगायचंय? मामांना काय हवंय ते सोडा. तुम्हाला काय हवंय?"

 सासूबाई म्हणाल्या, "माझा विठोजी त्या खड्ड्यात मेला, एवढं सरकारी कागदावर लिहून पाहिजे. रस्त्यावर मेला असं लिहिलंय. कुत्री मरतात रस्त्यावर."

मग तिनं सगळं सांगितलं. शिडी, गवत, लॉरी. मी तिला चिमटा काढला, तिनं माझा हात झटकला. तो मध्ये मध्ये "अरेरे" म्हणत होता. वहीत काही लिहिलं नाही. आता कळतं, चांगला शिकारी लिहीत नाही.

"आजी, मी शब्द देतो," तो उठताना म्हणाला. "तिथे मी दुभाषा असेन. मी तुम्हाला विचारायला लावीन, खड्ड्यात मेलेली माणसं किती. कुणी काहीही पढवलेलं असू दे, त्या प्रश्नाला तुम्ही खरं तेच सांगा. एवढंच. जास्त बोललात की वकील अडवतात."

त्यानं शब्द पाळला. तेच तर.

तुमचा हॉल छान आहे. लाल फरशी, गार. तुम्ही मधे, एका बाजूला मालकांचे, एका बाजूला कंत्राटदाराचे. मामा मागच्या खुर्चीत. सगळ्यांना कॉफी आली. आमच्यापर्यंत ट्रे आला आणि वळला. कंत्राटदाराचा वकील मद्रासकडचा, त्याला ना मराठी ना कानडी. तो म्हणाला, साक्षीदार मराठी बोलते, दुभाषा कुठे आहे? दुभाषा आला नव्हता. तुम्ही तारीख पुढे ढकलू शकत होता. उल्हास उभा राहिला. माझी मातृभाषा आहे, सर. तुम्ही विचारलंत, कुणाची हरकत? कंत्राटदाराच्या वकिलानं मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली. त्यांना रविवारचा मैसूरपाक माहीत नव्हता.

मालकांचा वकील इंग्रजीत एकच प्रश्न बोलला. मला त्यातले दोनच शब्द कळले. डेड मॅन, डेड मॅन, आम्ही साइटवर ऐकलेले.

उल्हास सासूबाईंकडे वळला. किती प्रेमानं वळला.

"आजी, त्या खड्ड्यात मेलेली माणसं किती होती?"

साक्षी म्हणाला नाही. साक्षी हा शब्द त्याला येत होता, रविवारी त्यानं तो दहादा वापरला होता.

सासूबाई ताठ बसल्या. याच प्रश्नासाठी ती दीड वर्ष जगत होती. लुगडं सावरलं आणि म्हणाली, "एक. एकच. माझा विठोजी."

"वन," उल्हास म्हणाला. "ओन्ली वन, सर."

 कंत्राटदाराच्या वकिलाचा चेहरा पडला. तो मामांकडे झुकला, दबक्या आवाजात हिंदीत विचारलं, "ये क्या बोल रही है? और भी कुछ नाम लिया उसने."

मामांना सगळं कळलं होतं. त्यांची मराठी त्या पुणेकराहून जुनी आहे. त्यांनी फक्त एवढं बोलायचं होतं, ती खांबांचं नाही, पोराचं सांगतेय. पण पोराचं म्हटलं की खड्ड्यात माणूस मेला हे कबूल. मग लॉरी, मग रिंग रोड, मग पोलीस. उल्हासनं जाळं असं विणलं होतं की तोंड उघडलं तरी मेलात, मिटलं तरी मेलात. मामांनी रुमालानं मान पुसली.

"बूढी है सर," ते म्हणाले. "घबरा गयी."

म्हातारी आंधळी आहे, बहिरी नाही. भावाचा आवाज तिनं ऐकला. काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं. काय ते कळलं नाही. ती उठून उभी राहिली, तुमच्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले आणि कानडीत म्हणाली, "नन्न मगा, स्वामी. अल्ले सत्ता."

माझा मुलगा, स्वामी. तिथेच मेला.

तेव्हा तुमचं पेन थांबलं.

मीही उठले. मी कानडीत म्हणाले, "स्वामी, ती मातीच्या साक्षींचं नाही सांगत. माणसाचं सांगते. माझा नवरा. साक्षी सहा होत्या."

तुम्ही मला विचारलंत, "यारम्मा नीनु?" कोण तू, बाई?

"सून."

"नीनु साक्षी अल्ल," तुम्ही म्हणालात. तू साक्षी नाहीस. आणि मग इंग्रजीत काहीतरी, या वादाशी संबंध नाही असं, ते मला नंतर कळलं, आणि मग घड्याळाकडे बघून तुम्ही लिहिलंत. मला बाहेर जायला सांगितलंत. मी गेले. खरं तर बरोबर बोललात. साक्षी असते तर मलाही कुणीतरी पाडलंच असतं.

जिन्यावर उल्हासनं मला गाठलं. सिगारेट पेटवत होता.

"वहिनी, रागावलात?"

"तुमच्या आईला तुम्ही काय सांगता, ऑफिसात काय करता म्हणून?"

"माप काढतो." तो हसला. "मी चुकीचं काय विचारलं सांगा ना. डेड मॅन म्हणजे मेलेला माणूस. डिक्शनरी उघडा. आणि आजींनी खरंच सांगितलं की. खोटं बोलायला मी त्यांना सांगितलं का? मी चुकीचं विचारलं असतं तर तुमच्या मामांना ते तिथेच बोलता आलं असतं. नाही बोलले. त्यांना विचारा, का ते."

"तिनं तुम्हाला विठोजीच्या पेल्यात कॉफी दिली."

"छान होती," तो म्हणाला. "साखर स्वल्प जास्त. बघा, कानडी शिकतोय मी पण."

सासूबाई खाली आल्या तेव्हा चेहऱ्यावर काय होतं सांगू? समाधान. तुम्ही तिला शेवटी कानडीत म्हणाला होतात, बरकोंडे अम्मा. लिहून घेतलं, आई. तुम्हाला ते आठवत असेल. तिला एवढंच पाहिजे होतं. बसमध्ये ती मला म्हणाली, "मोठा माणूस आहे. आई म्हणाला." मल्लेश्वरमपासून महादेवपुऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. दोन बस बदलल्या, मला एकदाही तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

मग तुमचा निवाडा आला. मामांनी एक प्रत मिळवली होती. ती त्यांनी आमच्या उंबऱ्यावर टाकली. मालक जिंकले होते. कंत्राटदारानं जयसिंगमामांची गँग काढून टाकली होती. आता दुसरं कुणी कामावर घेत नव्हतं.

"अक्का, तुझ्या तोंडानं तीस घरं बुडाली," मामा म्हणाले. "माझ्या पोरीचं लग्न मोडलं. तुला सांगितलं होतं, सहा म्हण."

"मला साक्षी कुणी विचारल्याच नाहीत, जयसिंगा. विचारल्या असत्या तर सहा म्हणाले असते. मला मेलेले विचारले."

 मामा त्या खोलीत होते. त्यांना माहीत होतं.

"एक लिहिलंय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"लिहिलंय."

"मग झालं." तिनं चाचपडत तो कागद उचलला, छातीशी धरला. "एक म्हणजे माझाच तो."

तुमचा कागद, लवादसाहेब, आमच्या घरी देवांच्या फळीवर गेला. रोज सकाळी म्हातारी त्याला हळदकुंकू वाहायची. गँगमधल्या बायका आमच्या दारासमोर थुंकून जायच्या, नळावर माझी घागर बाजूला सारायच्या. ती आत बसून कागदाला फूल वाहायची. मी गप्प राहिले. गल्लीतल्या शिकलेल्या मुलीकडून मी तो कागद वाचून घेतला होता. तुम्ही काय लिहिलंय ते मला पाठ आहे. साक्षीदार अशिक्षित असून तिची उलटतपासणीतली जबानी नैसर्गिक आणि विश्वासार्ह वाटते. तिच्या मते साक्षी एकच होती. त्या साक्षीचं घनफळ खणाईच्या मापातून वजा करावं.

वजा करावं. माझा नवरा तुम्ही मातीच्या हिशेबातून वजा केलात.

हे मी तिला कधीच सांगितलं नसतं. मामांनी सांगितलं. गौरीच्या दिवशी आले, थोडे प्यायलेले. फळीवरचा कागद बघितला, त्याच्यावरचं कुंकू बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता रडले असतील, मला त्याचं काही नाही.

"अगं अक्का, कशाची पूजा करतेस? तो एक म्हणजे विठोजी नव्हे. तो रॅम्पजवळचा खांब. पंपामागचा. मातीचा ढिगारा आहे तो."

सासूबाईंनी हातातलं फूल खाली ठेवलं. कुठे ठेवलं ते तिला दिसलं नाही, ते दिव्यात पडलं आणि करपलं.

"प्रेमा, खरं?"

मी हो म्हणाले.

"मग विठोजी कुठे लिहिलाय?"

"कुठेच नाही, आई."

ती बराच वेळ करपलेल्या फुलाचा वास घेत बसली. मामा कधी उठून गेले कळलं नाही. मग तिनं कागद फळीवरून काढला, चार बोटांनी त्यावरचं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला.

"त्यांना कानडी येतं," ती म्हणाली. "मी बोलले तेव्हा त्यांचा श्वास अडकला होता, मला ऐकू आलं. जा. विचार."

म्हणून विचारते. तुमचंच विचारणं, तुमच्याच दुभाष्यानं तुमच्यासमोर केलेलं. त्यात साक्षी नको, सरासरी नको, वजाबाकी नको. या वादाशी संबंध नाही, हे तर मुळीच नको, ते तुम्ही इंग्रजीत एकदा म्हणून झालात. टपालानं पाठवू नका, म्हातारीला वाचता येत नाही आणि दुसऱ्यानं वाचलेलं ती आता मानत नाही. महादेवपुऱ्याला या. दारात उभे राहा आणि ज्या भाषेत तुम्ही तिला आई म्हणालात त्या भाषेत तोंडानं सांगा.

त्या खड्ड्यात मेलेली माणसं किती?